तालुक्यात पहिली

“मग तुम्ही सत्काराला का आला नाहीत, बुवा?”

हणमंत डुबलने मठाच्या पायरीवर बसता बसता विचारलं.

दौलतबुवा वरच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होते. मठात येण्याआधी ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. हणमंतला चौथीत त्यांनीच शिकवलं होतं. आता हणमंत त्याच शाळेचा मुख्याध्यापक होता.

“तुझं बोलावणं मिळालं,” बुवा म्हणाले. “पुढं सांग.”

“शाळा तालुक्यात पहिली आली. दोन वर्षांपूर्वी ‘ड’ श्रेणीत होती. भर बैठकीत पडद्यावर शाळेचं नाव लाल रंगात दाखवलं. साठ मुख्याध्यापकांसमोर मला उभं केलं.”

“लागलं असेल तुला.”

“दोन दिवस जेवण गेलं नाही. मग सकाळी सातला जादा वर्ग सुरू केले. एक रविवार सोडला नाही. यंदा चौथीची चाचणी झाली, सरासरी ब्याऐंशी. सगळ्यांत वर.”

“कष्ट केलेस.” बुवांनी आणखी एक शेंग उचलली. “चौथीत मुलं किती?”

“एकोणीस.”

“चाचणीला किती बसली?”

हणमंत समोरच्या शेताकडे बघत राहिला...

“अठरा.”

“राहिलं कोण?”

“मोहिनी. वीटभट्टीवर काम करणाऱ्या बाईची मुलगी. तिला अजून अक्षरं लागत नाहीत. ती बसली असती तर सरासरी चारनं खाली आली असती. तिच्या आईला सांगितलं होतं, त्या दिवशी पोरीला पाठवू नका.”

“राहिली घरी?”

“नाही. धुतलेला गणवेश घालून आली. वेण्या घालून.”

“मग?”

“मी तिला झाडांना पाणी घालायला सांगितलं... आणि हजेरीत गैरहजर मांडलं.”

बुवांचे हात थांबले.

“किती वेळ घालत होती पाणी?”

“दोन तास. सगळी झाडं झाली. कुणी हाक मारली नाही, म्हणून तिनं परत पहिल्यापासून सुरुवात केली.”



“निकाल लागला तेव्हा कुठं होती ती?”

“वर्गात. पेढे तिनंच वाटले.” हणमंतनं स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. “माझ्या हातावर पेढा ठेवून म्हणाली, ‘सर, आपली शाळा पहिली आली.’ आपली म्हणाली, बुवा.”

बुवा उठले. ओटा उतरले आणि हणमंतच्याही खालच्या पायरीवर येऊन बसले.

हणमंत गडबडून उठायला लागला. बुवांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला तिथंच बसवलं.



“डिसेंबरात पुन्हा चाचणी आहे,” हणमंत शेवटी म्हणाला. “तिला बसवतो. पण तेवढ्यात ती कितीशी शिकणार? शाळा खाली येईल, बुवा.”

“येऊ दे थोडी खाली,” बुवा म्हणाले. “तिला चढायचंय.”