कड्यावरची सायाळ

त्या खोऱ्याच्या माथ्यावर एक पोकळ कडा होता. त्याच्या तोंडाशी उभं राहून कुणी बोललं, की ते शब्द खालच्या प्रत्येक बिळात, ढोलीत आणि घरट्यात स्वच्छ ऐकू जात.

पूर्वी तिथे म्हातारा करकोचा बोलत असे. सकाळी कोणत्या झऱ्याला पाणी आहे ते, दुपारी कुणाचं पिल्लू हरवलं ते. बातमी नसली की सरळ गप्प बसे. ऐकणारे जांभया देत, पण सांगितल्या जागी पाणी सापडे.

त्याच्यानंतर कडा कोतवाल पक्ष्याकडे आला. कोतवाल मोठा हुशार, कुणाचाही आवाज हुबेहूब काढणारा. शांतता मात्र त्याला क्षणभरही सोसत नसे. त्याने संध्याकाळचा नवा कार्यक्रम काढला, ‘तुमचं गाऱ्हाणं तुमच्याच तोंडून’. पहिले काही दिवस कड्यावर झुंबड उडाली. बेडकांनी बगळ्यांचे वाभाडे काढले, बगळे बेडकांवर तुटून पडले. पण गाऱ्हाणी काही सुटेनात, आणि कड्याचा चढ तर जीव काढणारा. एका संध्याकाळी कुणीच आलं नाही.

कोतवाल कासावीस झाला. खाली सगळे कान टवकारून बसलेले, आणि कडा मुका! घाईघाईत त्याने घोगरा आवाज काढला, “मी सायाळ बोलतेय. आज मी कुणालाही सोडणार नाही!”

तळ्याच्या बांधाखाली राहणारी सायाळ मान हलवण्यापलीकडे कुणाशी बोलत नसे. तिचा आवाज कुणालाच ठाऊक नव्हता. अंगावर एवढे काटे, म्हणजे जीभही तशीच असणार, हे सगळ्यांना लगेच पटलं. मग कड्यावरची ही सायाळ रोजच बोलू लागली. खोऱ्याला तिच्या शिव्याशापांशिवाय झोप येईना.

खऱ्या सायाळीनेही ते ऐकलं. तिला फार वाईट वाटलं. पण एवढा चढ चढून भांडायला जायचं कुणी, म्हणून ती पिल्लांना घेऊन बिळात आत सरकली.

आणि एका संध्याकाळी बांधातून पाणी झिरपताना तिला दिसलं. तिने माती लोटली, पण भोक वाढतच गेलं. एकटीला ते आवरणारं नव्हतं. दहा-वीस जण हवे होते, तेही लगेच. पिल्लांना उंच खडकावर ठेवून ती धापा टाकत कड्यावर पोचली आणि आपल्या बारीक आवाजात म्हणाली, “मी सायाळ. बांध फुटतोय. माती घेऊन या हो, कुणीतरी या.”

खालून एकच गलका उठला. “ही कोण तोतया?” “आमची सायाळ अशी रडकी नाही! हाकला तिला!”

कोतवाल तिच्याकडे बघतच राहिला. हीच खरी म्हणून सांगावं, तर रोजची कोण होती? त्याने तिला बाजूला सारलं आणि घोगऱ्या आवाजात गरजला, “मी आत्ताच बांधावरून येतेय! काही झालेलं नाही त्याला. आता ऐका, आज कुणाची खरडपट्टी काढायची ते!”

सायाळ आल्या पावली परत धावली. बांधाजवळच्या पहिल्याच बिळाच्या तोंडाशी ससा बसला होता. तिने त्याला गदागदा हलवलं.

“सशाभाऊ, ऊठ! पाणी आलं!”

सशाने कड्याकडे लावलेले कान वळवलेसुद्धा नाहीत.

“शू! थांब गं जरा,” तो म्हणाला, “सायाळ बोलतेय.” आणि त्याने भिजलेले पाय उचलून पोटाशी घेतले.