झोपवलेला टॉवर

“एकही तक्रार नाही, माई. मग आशीर्वाद द्यायला अडतंय कुठं?”

माई मठाच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

निनाद त्यांचा जुना शिष्य. आता एका मोबाइल कंपनीत मोठा साहेब झाला होता. टॉवर आपणहून सांभाळणारी कृत्रिम बुद्धिमत्ता त्यानं घडवली होती. जिथं फोन कमी, तिथला टॉवर ती झोपवायची आणि वीज वाचवायची. पावसाळाभर याच खोऱ्यात तिची परीक्षा झाली. आता राज्यभरचे टॉवर तिच्या हाती जायचे होते, वर माणसाची देखरेख न ठेवता. शेवटचा होकार निनादचा होता आणि तो आजच द्यायचा होता. नाही दिला, तर ही योजना जागच्या जागी थांबणार होती.

“टेकडीवरच्या वाडीवर जाऊन आलास?” माईंनी विचारलं.

“कशाला? मला इथं बसून दिसतं सगळं.”

त्यानं फोनवरचा नकाशा पुढं केला. सगळं खोरं हिरवं होतं, म्हणजे सगळं ठीक.

“वाडीतून फोन कमी होत गेले, तसा ती टॉवर जास्त वेळ झोपवायला लागली. कुणी सांगितलं नाही तिला. आपलं आपण शिकली.”

बापानं पोराचं कौतुक सांगावं तसं तो सांगत होता.

“परवा वाडीतल्या तानीला साप चावला,” माई म्हणाल्या. “दवाखान्याची गाडी बोलवायला माणसं फोन घेऊन टेकडीभर फिरली. लागला नाही. शेवटी झोळी करून खाली नेली. अजून शुद्धीवर नाही ती.”

...

निनादचा चेहरा उतरला. तानीच्या हातची भाकरी खाऊनच तो इथं शिकला होता. त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण डोकं सवयीच्याच वाटेनं गेलं.

“मग कंपनीला कळवलं का नाही कुणी? तक्रारीचा नंबर आहे ना. फुकट लागतो.”

माईंनी सूप बाजूला ठेवलं.

त्याच वेळी फोन थरथरला. होकाराची मुदत संपत आली होती. निनादचा अंगठा बटणाकडं गेला.

माई उठल्या आणि त्यांनी तळव्यानं त्याचं नाक-तोंड घट्ट दाबून धरलं.

“काही तक्रार?” त्यांनी शांतपणे विचारलं.

...

आधी त्याला गंमत वाटली. मग श्वास कोंडला. गुरूचा हात झटकायचा कसा, या संकोचात आणखी थोडा वेळ गेला.

“नाही ना काही?”

...

त्याचे डोळे पांढरे व्हायला लागले. फोन हातातून सुटला. दोन्ही हातांनी त्यानं माईंचा तळवा ओढून काढला आणि खोकत खाली बसला.

फोन अंगणात पडून थरथरत होता. निनादनं त्याच्याकडं पाहिलं, पण उचलला नाही. थोड्या वेळानं मुदत संपली आणि फोन आपोआप थांबला.

“माई...” तो धापा टाकत म्हणाला, “जीव चालला होता माझा.”

माईंनी सूप पुढ्यात ओढलं.

“असेल. मला तर काही ऐकू आलं नाही.”