दंताईचा वाकलेला हात

पूर्वी शोणा नदीच्या काठी कुंदावती नगरात धृतिमान राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हस्तिदंताचे काम करणाऱ्या एका कारागिराच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव पद्मक. फण्या, डब्या, सोंगट्या हे तर त्या आळीत सगळेच घडवीत. पण पद्मकाची ख्याती निराळी होती. तो माणसांचे दात करी. कोणाचा दात पडला की तो मुठीत धरून माणूस त्याच्याकडे येई. पद्मक हुबेहूब तसाच दात हस्तिदंतात कोरी आणि सोन्याच्या बारीक तारेने शेजारच्या दातांना असा बांधून देई, की हसताना घरच्यांनाही कळू नये. आणि कुंदावतीत पडणाऱ्या दातांची काही कमी नव्हती. केस पिकायच्या आत तिथल्या माणसांचे पुढचे दात हलू लागत. त्यामुळे दंतकारांच्या आळीत बारा महिने सुगी असे, आणि पद्मक त्यांच्या संघाचा प्रमुख होता.

त्याच्या घराला लागून उत्पला नावाची विधवा राहत असे. दोन्ही घरांच्या मध्ये एक बुटकी भिंत होती. तिच्यावर उत्पलेच्या कोपरांनी दोन खळगे पडलेत, असे आळीतले लोक म्हणत. कोणाकडे काय शिजले, कोणाची सून कोणाशी बोलत नाही, हे तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक. मन मात्र निर्मळ. एखाद्या घरी चूल पेटली नाही हेही तिलाच आधी कळे, आणि मग तिच्या घरचे पातेले भिंतीवरून पलीकडे जाई.

आता त्या नगराची रीत सांगायला हवी. वेशीजवळ दंताईचे देऊळ होते. दात घासताना हिरडीतून रक्त आले की लोक म्हणत, आईचा कोप झाला. मग त्या तोंडाला मौन धरायचे. म्हणजे काडी लावायची नाही, बोट फिरवायचे नाही, खळखळून चूळसुद्धा भरायची नाही. निजताना गालात गुळाचा खडा धरायचा आणि तसाच गूळ देवीच्या ओठांना चोपडून यायचा. रक्त थांबेपर्यंत मौन सोडायचे नाही. रक्त थांबत नसे, म्हणून मौन सुटत नसे. शेवटी दात पडे, हिरडी शांत होई, आणि लोक हात जोडून म्हणत, बघा, आईने आपले ते घेतले. मौनातल्या तोंडाला जो कोणी हात लावील, त्याच्यावर कोप उलटतो, असाही समज होता. म्हणून कोणी कोणाच्या वाटेला जात नसे.

उत्पलेची सून सामा पोटुशी होती. नवरा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर दूरदेशी गेलेला. दिवस भरत आले तशा तिच्या हिरड्या पिकल्या जांभळासारख्या सुजल्या. भाताचे शीत लागले तरी रक्त येई. उत्पलेने तिला मौन धरायला लावले. जिवापाड माया होती तिची सुनेवर. रोज निजताना ती स्वतःच्या हाताने तिच्या गालात गुळाचा खडा ठेवी, तोही चांगल्यातला, पिवळाधमक. पण सामाला आधी घास चावेना, मग पेजही नकोशी झाली. पोट वाढत होते आणि बाकीची सामा आटत चालली होती. सुईण हात बघून म्हणाली, "उत्पले, हिच्या अंगात अशानं कळा सोसायचं बळ राहायचं नाही. काहीतरी पोटात घाल, नाहीतर दोघं जातील."

उत्पला त्या दिवशी भिंतीशी गेली ती हळूच. "भावजी, सामाचे पुढचे दोन दात हलतात. आत्ताच माप घेऊन ठेवा. बारशाला चार बायका येतील, तेव्हा पोरीचं बोळकं दिसायला नको."

बोधिसत्त्व म्हणाला, "माप घेतो. पण आधी तिला उजेडात बसवा, वहिनी."

त्याने सामाचे तोंड नीट पाहिले. मग तो आत जाऊन वेताची एक पाटी घेऊन आला. लोकांनी आजवर नमुन्यासाठी आणून दिलेले दात तिच्यात होते. उत्पलेला क्षणभर शिसारी आली, पण बघितल्याशिवाय राहवेना.

"यात किडलेले किती दिसतात?" त्याने विचारले.

"काही आहेत की. पण बाकीचे धडधाकटच आहेत."

"हेच मला कित्येक वर्षं सलतंय. धडधाकट होते, मग पडले का? मुळाशी बघा." त्याने एक दात उलटा करून तिच्या तळहातावर ठेवला. मुळाला पिवळट, दगडासारखी कीट चिकटली होती, रांजणाला आतून धरते तशी. "खाल्लेलं दाताच्या कडेला राहतं, त्याची ही अशी कीट होते. हिरडी तिच्यापासून मागे सरते, खालचं हाडही झिजतं. खांब शाबूत असतो, वहिनी, जमीन खचते. रक्त येतं, तेव्हा हिरडी सांगत असते की मला स्वच्छ कर. आणि आपण नेमका तेव्हाच हात आखडतो. वर गूळ."

ते 'वर गूळ' उत्पलेच्या काळजात रुतले. रोजचा तो पिवळाधमक खडा तिच्या डोळ्यांपुढे आला. तिने हातातला दात पाटीत परत ठेवला आणि विचारले, "भावजी, हे खरं असेल, तर उद्या तुम्ही खाणार काय?"

"ते उद्या बघू," बोधिसत्त्व म्हणाला. "आज सामा काय खाणार, ते बघू."

उत्पलेच्या पोटात गोष्ट कधी राहिली होती? संध्याकाळच्या आत सगळ्या आळीला कळले, आणि दिवेलागणीला कालक दारात उभा राहिला. तो दंतकारांच्या संघातला जाणता माणूस. जीभ तिखट, पण आळीच्या पोटापाण्याची काळजी त्यालाच होती.

"पद्मका, आंबेवाल्यानं बागेला आग लावल्याचं ऐकलंयस कधी? लोकांचे दात पडतात म्हणून आपल्या चुली पेटतात. आणि महाराज हत्तीवनातले सारे दात कोरायचा मान तुलाच देणार आहेत. तो लाथाडतोस?"

"कालका, शेजारी एक पोर उपाशी आहे."

"असेल. पण आईचा कोप कोणी अंगावर घेत नाही. उद्या तुझेच दात पडले, तर मी कोरून देईन हो. शेजारधर्म म्हणून!"

आळीतली माणसे हसली. बोधिसत्त्वही हसला. "कोप यायचाच असेल, तर माझ्यावर येऊ दे. पण आई खरंच कोपते का, हे आधी तिलाच विचारू या. सकाळी सगळे देवळात या."

सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. सामाला डोलीतून आणून खांबाला टेकवून बसवले होते. दंताईच्या मुखाला गूळ, राख आणि धूर यांची पुटे चढून चेहरा कुठे आणि गूळ कुठे, हे कळत नव्हते. मुंग्यांची रांग लागली होती. उजवा हात कोपरात वाकून वर गेलेला होता आणि त्या पुटांत नाहीसा झाला होता.

बोधिसत्त्व म्हणाला, "लहानपणापासून मी हा हात बघतो. दगडातून असा सुटा हात काढणं फार जिकिरीचं. एक घाव चुकला की मूर्ती गेली. कारागीर हात उगीच वाकवत नाही. आईचा हात तोंडाशी काय घेऊन गेलाय, हे बघावंसं कोणाला वाटलं नाही?"

उत्पलेला जन्मभर सगळ्यांचे सगळे बघावेसे वाटले होते. एवढे एक सोडून.

"वहिनी, रोज गूळ तुम्ही लावता. आईचं मुख धुण्याचा पहिला मानही तुमचा. मात्र मन मानत नसेल तर नको."

देवीच्या मुखाला पाणी लावायचे म्हणजे काय! तिने खांबाकडे पाहिले. सामाने डोळे मिटले होते, आणि तिचा हात पोटावर होता. उत्पलेने कोमट पाण्याचा तांब्या उचलला आणि पुटपुटली, "आई, काय करायचं ते मला कर. पोरीला नको." आणि तिने धार धरली.

काळे पाणी पायरीवरून वाहू लागले. एक पूट सुटले, त्याखालचे दुसरे सुटले. उत्पला पदराने हलके हलके चोळत राहिली. आधी ओठ दिसले. मग दात दिसले. त्या जुन्या कारागिराने एकेक दात वेगळा कोरला होता, आणि त्यांच्या मुळाशी दगडाच्या हिरड्या पाकळ्यांसारख्या वळवल्या होत्या. मग मूठ मोकळी झाली. मुठीत करंगळीएवढी काडी होती. तिचे टोक चावून कुंचल्यासारखे केलेले होते, आणि तो कुंचला हिरडीवर अलगद टेकला होता.

दंताई दात घासत उभी होती. किती पिढ्या अशी उभी होती, कोण जाणे. आणि तिची लेकरे तिचेच तोंड बुजवीत आली होती.

मग एक म्हातारा बोळक्या तोंडाने रडू लागला. माणसे जागच्या जागी गुडघ्यांवर बसली. कालकाचेही हात आपोआप जोडले गेले. उत्पलेच्या हातातला तांब्या खाली पडला, तो उचलायचेही तिला सुचेना. बोधिसत्त्वाने मात्र देवीकडे नाही, सामाकडे पाहिले. "चला वहिनी, आता हिचं मौन सोडू या."

त्याने कडुलिंबाची कोवळी काडी घेतली, टोक चावून, पाण्यात भिजवून मऊ केले आणि ती सामाच्या हातात दिली. "जोर लावायचा नाही, बाळ. हिरडीकडून दाताच्या टोकाकडे, हळूच. आतल्या बाजूनंही, अगदी मागच्या दाढेपर्यंत. जिथे दुखतं तिथे हलक्या हातानं, पण चुकवायचं नाही." मग मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा. गोड काही खाल्ले तर लगेच चूळ, आणि निजताना तोंड स्वच्छ. गूळ बंद.

पहिल्या सकाळी रक्त आले. दुसऱ्याही सकाळी आले. उत्पला भिंतीशी धावली, "भावजी, आणखीच येतंय! थांबवू का?" बोधिसत्त्व म्हणाला, "आता थांबवलंत तर पुन्हा तेच. हात हलका करा, पण नेम मोडू नका." उत्पलेने सुनेपाशी बसून धीर धरला. हळूहळू रक्त कमी होत गेले. हिरड्यांचा जांभळा रंग उतरला, गुलाबी झाला. हलणारे दोन दात आवळून धरल्यासारखे स्थिर होऊ लागले. एक दाढ मात्र आतून पोखरली होती. लवंगेने तिची ठणक तेवढी थांबली. बोधिसत्त्वाने खोटी आशा दाखवली नाही. "किडलेलं भरून येत नाही, वहिनी. ही काढावी लागेल. बाकीच्या वाचवू." नगरातल्या वैद्याने ती अलगद काढून दिली.

एका सकाळी सामाने स्वतःहून भाकरीचा तुकडा मागितला. तिने तो चावला. उत्पला तिच्या जबड्याकडे अशी बघत राहिली, जशी माणसे सूर्योदयाकडे बघतात. दिवस भरले तेव्हा सामाच्या अंगात बळ होते. मुलगी झाली. सुईणीने बाळाची जीभ आणि इवल्या हिरड्या ओल्या मऊ फडक्याने पुसल्या, आणि म्हणाली, "हिला मौन ठाऊकच होणार नाही."

बोधिसत्त्वाने जे केले त्याची किंमत त्यालाच मोजावी लागली. दाराशी मुठीत दात घेऊन येणारी माणसे कमी झाली. संघाने प्रमुखपद दुसऱ्याला दिले. त्याने ते हसत सोडले. राजाने हत्तीवनातले दात कोरायच्या मानाचा निरोप देऊन दूत पाठवला, तेव्हा तो म्हणाला, "महाराजांना सांगा, नगराला आता एवढ्या दातांची गरज नाही. हत्तींचे दात हत्तींपाशीच असू द्यावेत." आणि तो लाकडाच्या फण्या करू लागला. त्याचे स्वतःचे दात, कालक रोज निरखून बघत असूनही, एकही हलला नाही. शेवटी कालकानेच एक दिवस भिंतीआडून विचारले, "काडी कडुलिंबाचीच हवी, की बाभळीची चालते?"

पुढे एका पहाटे उत्पला नातीला कडेवर घेऊन घाटावर गेली आणि पायरीवरच थबकली. सारे कुंदावती नगर पाण्याच्या कडेला बसले होते. राजाचे सैनिक, कोष्टी, माळणी, लहान पोरे, बोळकी म्हातारी माणसेसुद्धा. प्रत्येकाचा उजवा हात कोपरात वाकून तोंडाशी गेला होता. तांबूस उजेडात ती सगळी माणसे दंताईच्याच मूर्ती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदाच, जे पाहिले ते कोणाला जाऊन सांगावे असे तिला वाटले नाही. ती फक्त बघत राहिली.

ही कथा भिक्षूंच्या गुरूंनी, शास्त्यांनी, विहाराच्या अंगणात सांगितली. वृद्ध भिक्षू तिस्सकाने हिरडीतून रक्त येते म्हणून काडी टाकून दिली होती, त्यावरून ती निघाली. शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा कालक म्हणजे आजचा हा तिस्सक. सामा म्हणजे आजची भिक्षुणी सुजंबा. विहाराच्या कुंपणाशी उभी राहून रोज सर्वांची विचारपूस करणारी उपासिका कोंडिला ही त्या वेळची उत्पला. ते नगरजन म्हणजे ही परिषद. आणि पद्मक दंतकार, तो मीच होतो."

तिस्सक अंगावरच्या चीवराने तोंड झाकून बसला होता. तो उठला आणि कडुलिंबाच्या झाडाकडे चालू लागला. कुंपणाशी कोंडिला, कधी नव्हे ती, गप्प उभी होती.

दुसऱ्याच्या ज्या दुःखावर आपले पोट भरते, तेच दुःख आपल्या हाताने मिटवणे, याला करुणा म्हणतात.