काचेवरचा आकडा

विजेच्या गाड्या नव्या होत्या, तेव्हाची गोष्ट. अशा एका गाडीमागं ट्रॉली जोडली. ट्रॉलीत म्हैस होती, पोटात रेडकू आडवं आलेलं. घाटापलीकडं जनावरांचा दवाखाना होता.

ट्रॉली म्हणाली, "बाई, वाटेत चार्जिंग करून घे. ओझं ओढताना बॅटरी निम्म्यातच संपते."

"गप गं गंजके! माझ्या काचेवर दोनशे किलोमीटर लिहिलंय."

"ते तू एकटी पळतेस तेव्हाचं."

गाडीनं ऐकलं नाही. चार्जिंगचा खांब मागं पडला. अर्ध्या घाटात काचेवर शून्य आलं. म्हैस दुपारभर हंबरली, मग कायमची गप्प झाली.

गाडी कण्हली, "आता माझं कसं व्हायचं?"

"तुझ्यात उद्या वीज भरतील," ट्रॉली म्हणाली. "हिच्यात काय भरतील?"