मादाम ओडेतच्या खानावळीत झिलूमामा

एका गावात एक भोळा मामा होता. गाव देवगडच्या बाजूचं, मामाचं नाव झिलू. त्याच्यात खोट एवढीच, की सांगितलेलं तो ऐकायचा. तंतोतंत ऐकायचा.

त्याची थोरली बहीण शेवंती फार लांब, कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर राहायची. तिचा नवरा भिकाजी जहाजावर आचारी होता. एकदा त्या बेटावर उतरला तो तिथलाच झाला. त्यांची मुलगी रोहिणी. तिचं मन ल्युक नावाच्या फ्रेंच मुलावर बसलं. ल्युकची आई, मादाम ओडेत, विधवा बाई. किनाऱ्यावर तिची खानावळ होती. सहा टेबलं, वर माडाच्या झापांचा मांडव आणि खाली फ्रेंच जेवण. बाई कडक होती.

तिने निरोप धाडला, "मुलीची सगळी माणसं आधी माझ्या टेबलावर जेवू देत. माणूस कसा आहे ते जेवताना कळतं. मग लग्नाचं बघू."

भिकाजी म्हणाला, "सगळी माणसं म्हणजे झिलूही आला. आपल्यात मामाच्या होकाराशिवाय मुलीचं ठरत नाही."

शेवंतीने कपाळाला हात लावला. मग फोन लावला. "झिल्या, रोहिणीचं जमतंय. ताबडतोब ये. आणि एवढ्या लांबून हात हलवत येऊ नकोस हं!"

झिलू आला. तीन विमानं बदलून आला. दोन्ही हात अंगाला घट्ट चिकटवून आला. पिशवी गळ्यात. विमानात जेवणसुद्धा त्याने ताटात तोंड घालून खाल्लं.

"खांदे आखडले का रे?" भिकाजीने विचारलं.

"नाही भावोजी. ताईने हात हलवू नको सांगितलंय."

शेवंतीने पिशवी उघडली. आत एक टॉवेल होता. बस.

"अरे बाबा," ती म्हणाली, "हात हलवत येऊ नको म्हणजे काहीतरी घेऊन ये! कुणाच्याही दारात जाताना हातात काहीतरी हवं. कळलं?"

"कळलं," झिलू म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे खानावळीत गेले. भिकाजीने ठेवणीतला कोट घातला होता. दाराशी येताच झिलूने आपल्या हातांकडे पाहिलं. रिकामे! दाराशेजारी एक काळी पाटी टांगलेली होती. त्या दिवशी जेवायला काय काय आहे ते तिच्यावर खडूने लिहिलं होतं. झिलूने पाटी काढली, बाहीने स्वच्छ पुसली आणि मादाम ओडेतच्या हातात दिली.

"घ्या. म्हटलं, रिकाम्या हाताने कसं यायचं?"

मादामने कोऱ्या पाटीकडे पाहिलं. झिलूकडे पाहिलं. ल्युकने गुपचूप पाटी घेतली आणि तो खडू शोधायला गेला.

तरी बाई रीत सोडणारी नव्हती. पुढे झाली आणि तिने झिलूपुढे आपला गाल केला. झिलूला वाटलं, हिला कानात काही सांगायचंय. त्याने कान पुढे केला.

"बोला," तो म्हणाला.

मादाम बोलेना. झिलू थांबला. मादामही थांबली. मागची माणसं दारात खोळंबली.

"रोहिणी," झिलू कुजबुजला, "बाईंना आठवत नाहीये वाटतं."

शेवंतीने त्याला बाजूला ओढलं. "अरे, इथं तशी रीत आहे! समोर तोंड आलं की गालाला गाल लावायचा. आधी उजवा, मग डावा. कळलं?"

"कळलं."

मंडळी बसली. पाव आला, सूप आलं, दोन्ही सुखरूप पोटात गेली. शेवंतीने जरा श्वास सोडला. मग मासा आला. प्रत्येकाच्या ताटात एकेक अख्खी तांबोशी, लोण्यात परतलेली, डोक्यासकट. झिलूच्या ताटातली तांबोशी त्याच्याकडेच बघत होती.

झिलू उठला. शर्ट खाली ओढला. वाकला. आधी उजवा गाल लावला.

"आई गं!" तो ओरडला. पण रीत ती रीत. डावाही लावला.

त्याच्या कानांवरून लोणी ठिबकू लागलं. गालाला कोथिंबिरीसारखा काही पाला चिकटला होता. शेजारच्या टेबलावरची म्हातारी घास हातात धरून बघत राहिली.

"ताई," झिलू काळजीने म्हणाला, "यांचं अंग तापलंय."

"तापलेलं दिसतंय ना?" शेवंतीने दात आवळले. "मग आधी फुंकर घालावी माणसाने! दिसलं तापलेलं की फुंकर! कळलं?"

"कळलं."

मादाम ओडेत आत गेली होती. ती आता तिचा खास पदार्थ घेऊन यायची होती. लोण्यात परतलेली केळी, वर साखर, वर रम, आणि टेबलाशी आणून पेटवायची. तिच्या नवऱ्याने शिकवलेला पदार्थ. तो ती कुणाच्या हातात देत नसे. ती तवा घेऊन आली, काडी लावली, आणि निळी ज्वाळा भपकन उठली. सगळी खानावळ "ओऽ" म्हणाली.

झिलूने छाती भरून श्वास घेतला आणि फुंकर घातली.

ज्वाळा गेली. रम आणि साखर मादामच्या पांढऱ्याशुभ्र एप्रनवर गेली.

"निवलं," झिलू म्हणाला. "आता खा."

आता भिकाजीला राहवेना. "झिलू, हे मुद्दाम पेटवतात रे! ही बघायची गंमत असते! ज्वाळा दिसली की टाळ्या वाजवायच्या. कळलं?"

"कळलं."

मादाम ओठ आवळून दुसरा तवा घेऊन आली. हट्टाने रम दुप्पट ओतली. काडी लावली. या वेळी ज्वाळा पुरुषभर उंच गेली आणि मांडवाच्या लोंबत्या झापाला लागली. झाप पेटलं. शेजारचं पेटलं.

झिलूने टाळ्या वाजवल्या.

"वा! वा! आता कशी रंगली!"

त्याचं बघून शेजारची म्हातारी टाळ्या वाजवू लागली. तिकडचे पर्यटक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. एकाने फोटो काढला. भिकाजीचा कोट खुर्चीत अडकला. शेवटी ल्युक स्वयंपाकघरातून बादली घेऊन धावत आला आणि त्याने आग विझवली. मांडवाला टेबलाएवढं भोक पडलं. त्यातून ऊन आत आलं.

"संपलं?" झिलूने विचारलं.

शेवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे, तुला अक्कल कधी येणार? पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे! काही पेटलं की बघत बसायचं नाही, विचारायचं नाही, सरळ पाणी ओतायचं! कळलं?"

"कळलं," झिलू म्हणाला. त्याने टेबलावरचा बर्फाच्या पाण्याचा जग उचलून मांडीवर घेतला.

मादाम ओडेत खुर्चीत बसली. रोहिणी मान खाली घालून रडत होती. जमलेलं मोडलं, असं सगळ्यांनाच वाटलं. ल्युकला ते बघवेना. तो उठला, छातीवर हात ठेवून आईकडे बघत फ्रेंचमध्ये काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?" भिकाजीने विचारलं.

रोहिणीने नाक पुसलं. "म्हणतो, मी दिसले नाही तर याच्या छातीत आग पेटते."

झिलूने विचारलं नाही. बघत बसला नाही. अख्खा जग ल्युकच्या छातीवर रिकामा केला.

दोन बर्फाचे खडे ल्युकच्या खिशात गेले. एक सदऱ्यात गेला.

"विझली का रे बाळा?" झिलूने मायेने विचारलं.

रोहिणीने सवयीने तेही फ्रेंचमध्ये सांगितलं. ल्युक कुडकुडत म्हणाला, "नाही!"

मादामचे खांदे हलू लागले. शेवंतीला वाटलं, बाई रडतेय. बाई हसत होती. टेबल धरून हसत होती. डोळे पुसून ती फ्रेंचमध्ये काही म्हणाली आणि रोहिणीने लाजत मराठीत सांगितलं, "एवढं बर्फाचं पाणी पडूनही ज्याची आग विझत नाही, त्याला आणखी काय पारखायचं? माझ्याकडून ठरलं. मामांना विचारा."

झिलूने तोंड उघडलं. शेवंतीने त्याला टेबलाखालून चिमटा काढला.

"तू तुझ्या डोक्याने काही बोलू नकोस. बाई काहीही विचारू दे, 'वी' म्हणायचं. 'वी'शिवाय दुसरा शब्द नको. कळलं?"

"कळलं."

मादामने विचारलं, "मुलगा पसंत आहे?"

"वी."

लग्न ठरलं! 'वी' म्हणजे फ्रेंचमध्ये 'हो', पण झिलूला ते कुणी सांगितलंच नव्हतं. भिकाजी नाचला. शेजारच्या म्हातारीने त्याच्या गालाला गाल लावला. रोहिणी ल्युकला कोरडा सदरा द्यायला घेऊन गेली, शेवंती आणि भिकाजी नातेवाइकांना फोन करायला बाहेर गेले. टेबलाशी झिलू आणि मादाम दोघंच उरले.

मादामने रुमालाने त्याच्या कानावरचं लोणी पुसलं. मग हळू आवाजात, फ्रेंचमध्ये, ती म्हणाली, "सात वर्षं मी हसणाऱ्या लोकांना वाढते आणि आत जाऊन एकटी जेवते. तुम्हीही एकटेच का?"

"वी," झिलू म्हणाला.

"आज मी किती दिवसांनी हसले, तुम्हाला सांगू?"

"वी."

मादामने खुर्ची जवळ ओढली. मग आणखी एक प्रश्न विचारला.

"वी," झिलू म्हणाला.

सगळे परतले तेव्हा मादामने झिलूचा हात हातात धरला होता. तिने एक वाक्य सांगितलं. रोहिणी किंचाळली. "आई! मामाचं आणि यांचं लग्न ठरलं!"

भिकाजीने बोटांवर नाती मोजली. "म्हणजे ल्युक झिलूचा मुलगा. म्हणजे आपली पोर मामाच्याच मुलाला दिली. सगळं घरातल्या घरातच झालं की!"

शेवंती मटकन खाली बसली. "झिल्या, बाईने तुला काय विचारलं ते कळलं तरी का?"

"नाही."

"मग हो कशाला म्हणालास?"

"मी कुठं हो म्हणालो?" झिलू म्हणाला. "मी तर वी म्हणालो."