समाचाराला आलेल्या

त्या राज्यात कुणालाच काही कमी नव्हते. हिरव्या प्रजेच्या ओळी सरळ उभ्या होत्या, शेंगा धरू लागल्या होत्या, आणि रीतभात तर विचारूच नका. पानाची वरची बाजू म्हणजे ओसरी, खालची म्हणजे माजघर. दुसऱ्याच्या माजघरात डोकावणे सोडाच, स्वतःच्या पानाखालीही कुणी पाहत नसे.

पांढऱ्या माश्यांना तिथे फार मान. अंगावर पीठ चाळून घेतल्यासारख्या स्वच्छ, बोलायला मऊ. कुणी आजारी पडले की त्या समाचाराला जात, माजघरात बसत, घोटभर रस घेत आणि खबर सांगायला पुढच्या घरी निघत. पुढचे घरही त्यांना उपाशी पाठवत नसे.

गोमटी नावाच्या झाडाची लेक कवळी. तिच्या शेंड्यावर पिवळे डाग पडले. शेजारी म्हणाले, पोर उपाशी असेल. गोमटीने आपल्या मुळाशी आलेले अन्नपाणी तिच्याकडे सारले, तरी डाग वाढतच गेले. मग म्हणाले, दृष्ट लागली. शेवटी ओळीचे कारभारी बुंधेआबा बोलले, "एकीपायी सगळी ओळ नासायला नको. उपटा तिला."

गोमटीला हे पटेना. भुकेल्या पोराचे पान सगळीकडून सारखे फिकटते. हे तर ठिगळाठिगळाने पिवळे होत होते. जे आजवर कुणी केले नव्हते ते तिने केले. लेकीचे पान उलटून पाहिले. तिथे माश्या दाटीवाटीने बसल्या होत्या, सोंडा रुतवून. एक उठली आणि तोंडसुद्धा न पुसता शेजारच्या पानाखाली जाऊन बसली. मागे ज्या ज्या घरी माश्या कवळीची खबर घेऊन गेल्या होत्या, तिथे आता पहिला पिवळा ठिपका उमटला होता.

"आबा, माझ्या लेकीचा दोष नाही हो! एकीचं दुखणं तोंडात घेऊन ह्या दुसरीकडे जातात. तुमचंही पान उचला, तुम्हीच बघा!"

आबांचे देठ ताठले.

"गोमटे, जनाची नाही तर मनाची तरी ठेव! समाचाराला येणाऱ्यांवर आळ घेतेस? आणि चारचौघांत मी पान उचलू?"

शेजाऱ्यांनीच कवळीच्या मुळांखालची माती सैल केली. ती एवढेच म्हणाली, "आई, मी काय केलं गं?" गोमटी ओरडत राहिली. तिचा आकांत पाहून सगळी ओळ हळहळली, अगदी मनापासून. ते काही दुष्ट नव्हते.

कवळी आडवी पडली तसा तिच्या पानांखालून माश्यांचा पांढरा लोट उठला आणि हवेत घुटमळला.

"बिचाऱ्या! पोरीसाठी किती कळवळल्यात बघा," आबा म्हणाले. त्यांनी आपले सर्वांत रुंद पान अदबीने उचलले, नजर दुसरीकडे वळवली आणि म्हणाले, "या, आत बसा."