शुभ्रतोयेची न राखलेली वेस

पूर्वी, कलियुगाला नुकते कुठे दात येत होते त्या काळी, पश्चिम समुद्रापलीकडच्या रोमक देशात, सारे यौवन युद्धात वेचलेल्या सैनिकांना सम्राटाने शुभ्रतोया नदीच्या मुखाशी भूमी दिली. आणि शस्त्रांहून पाठीच अधिक झिजलेले ते वीर नगर वसवावयास निघाले.

त्या देशाचा विधी असा, की पांढरा बैल आणि पांढरी गाय एका नांगरास जुंपून सीमेची रेघ ओढावी. त्या रेघेवर तट उठेल, तिला देवांनीही ओलांडू नये. आणि जेथे वेस हवी तेथे नांगर उचलून, भूमीला फाळ न लावता, पुढे न्यावा. नायक वारुस नांगर धरीत होता. त्याची पत्नी सेप्तिमा तान्ह्या पुल्लुसला खांद्यावर घेऊन, ढेकळे पायाने आत सारीत मागून चालत होती. तीन दिशांना नांगर उचलून झाला. चौथ्या दिशेला एक वृद्धा आडवी आली.

"वीरा, येथेही उचल. मी शुभ्रतोया. ही माझी येण्याजाण्याची वाट."

"माते, बाहू गळाले," वारुस म्हणाला. "तीन वेशी पुष्कळ झाल्या. तू नदी आहेस, वळसा घालून येशील."

"अहो, उचला ना," सेप्तिमा कुजबुजली.

"मग धर तू एक बाजू!"

ती धरणारच होती. पण रात्रभर रडून बाळ त्याच क्षणी निजले होते; अशा बाळाला खाली ठेवणे म्हणजे काय, हे जाणणारे जाणतात. ती जागची हलली नाही. नांगर पुढे गेला.

तेव्हा फेनधवल वस्त्रे ल्यालेली ती देवता मूळ रूपात प्रकटून मेघगंभीर वाणीने वदली, "ज्या नगराने मला दार ठेवले नाही, त्याच्या अंगणात मी राहणार नाही! मी जाईन, माझ्यामागून समुद्र जाईल, तुमच्या नौका वाळूत कुजतील!"

"देवी, हळू!" सेप्तिमा म्हणाली. "शाप द्यायचा तर दे, पण हा उठेपर्यंत थांब."

देवी स्वतः कैक ओढ्यांची आई. तिला हसू आले. "तथास्तु. तो निजला आहे तोवर मी आहे."

वर मिळाला आणि नगर फोफावले. संगमरवरी चौक झाले, स्नानगृहे झाली, उंच कमानींवरून पाणी वाहू लागले. मात्र घणांना चिंध्या गुंडाळलेल्या असत, आणि सभेतली भांडणेही कुजबुजत होत. पुल्लुस निजलेलाच होता. बरोबरीच्या मुलांना मिशा फुटल्या, वारुस रणाविना वारला, सेप्तिमेचे केस पिकले. मांडीवरचे जावळ मात्र तेवढेच, मूठ तेवढीच.

एके दिवशी ती म्हणाली, "मी ह्याला उठवणार."

नगरश्रेष्ठी संतापला, तोही हलक्या आवाजात. "बाई, लोकांची मुले निजत नाहीत म्हणून आया रडतात. तुझे निजते, तर तुला तेही बोचते! एका पोरापायी नगर बुडवशील?"

"बोचते खरे, आजोबा. चूक माझीच असेल. मला कधीच नीट कळले नाही. पण नगर उभे राहावे म्हणून ह्याने कधी उभेच राहू नये काय?"

तिने त्या वेस न ठेवलेल्या तटाशी बसून बाळाच्या कानाशी हाक मारली. "ऊठ रे, राजा." पुल्लुसने डोळे उघडले आणि असा टाहो फोडला, की कमानींवरची कबुतरे उडाली. त्याच घटकेस शुभ्रतोया वळली. बंदरात नौकांचे तळ वाळूला लागले. पण जाता जाता एक लाट तटाखालून झिरपली, आणि इतकी वर्षे तहानलेल्या बाळाच्या ओठांना लागली. बाळ पाणी प्याले, आईकडे पाहून रांगू लागले. आणि सेप्तिमा तटाला टेकून, बसल्या जागी, निजली.

लोक पांगले. आज तेथे कमानी कोरड्या आहेत, चौकात गवत आहे, आणि तीन वेशी कोणासाठी तरी उघड्या आहेत. चौथ्या बाजूच्या तटाचा एक दगड भर उन्हाळ्यातही ओला असतो. त्या भग्नावशेषांत मूल कितीही मोठ्याने रडले, तरी त्याला कोणी गप्प करीत नाही.